गच्चीवरचं कुटुंब

गच्चीवर चढलो ते वरच्या खोलीवरही घराचाच नंबर टाकायचा म्हणून. खाली प्रकाशरावांनी सगळी माहिती देऊन टाकली होती. नवरा-बायको, तीन मुलं आणि वडील, एकूण सहा. जेवण सगळ्यांचं एकत्र का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "व्हय सर, एकत्रच." आणि वर पत्र्याच्या खोलीत त्यांचे वडील, नामदेवकाका, एकटेच भाकरी थापत बसले होते.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. जनगणनेत प्रगणक होतो, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं मोजणारा. हिंगोलीतली एक गल्ली आणि तिच्यामागची नवी वस्ती माझ्याकडे होती. या कामातला सगळ्यात अवघड शब्द म्हणजे कुटुंब. एका छपराखाली राहणारे नव्हे, एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. रक्ताचं नातं असो वा नसो.

गल्लीत शिरलं की हा नियम चांगलाच घाम काढतो. तांड्यावरून नोकरीच्या तयारीला आलेली चार पोरं एकाच कुकरात खिचडी लावतात, ते झालं एक कुटुंब. शेजारच्या मुस्लिम घरात तीन भाऊ, तीन मजले, पण स्वयंपाक एकच. मोजता मोजता माझी बोटं संपली. सेनगावकडची एक बाई मुलांच्या शाळेसाठी खोली करून राहते, नवरा गावाकडे सोयाबीन राखतो. नवरा इथे लिहायचा नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की प्यायला पाणी मागायचीही मला लाज वाटली.

काका म्हणाले, सकाळी लवकर भूक लागते म्हणून एखादी टाकतो. पण कोपऱ्यात पिठाचा डबा होता, मिठाची बरणी होती, तेलाची बाटली होती. मी स्वतः नोकरीपायी खोलीवर एकटा राहतो. एकट्याचा संसार मला लगेच ओळखू येतो. भांडण वगैरे काही झालं नव्हतं म्हणे. काकांची बायको वारल्यावर खालच्यांशी जेवायच्या वेळा जुळेनात, तिखट जुळेना, आणि हळूहळू ताट वर आलं. मी सांगितलं, काका, तुमचं कुटुंब मला वेगळं लिहावं लागेल.

त्यांनी गॅस बारीक केला. "गुरुजी, खालीच लिहा मला. चूल वेगळी हाय, ते घरातल्या घरात हाय. कागदावर काहून वेगळं करता? नाव तरी लेकरांसंगं राहू द्या."

मी सुपरवायझर मॅडमना फोन लावला. सहाला सहा ठेवलं तर कुणाचं काय बिघडतं, असं जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, लोक कसे राहतात ते लिहायचंय. कसे राहायला पाहिजेत ते नाही."

राग आला, पण बाईंचं बरोबर होतं. खालच्या घरातले सहाचे पाच केले. वरच्या खोलीची नवी नोंद उघडली. नोंद वाचून दाखवायची माझी सवय. म्हणालो, "कुटुंबप्रमुख, नामदेव. एकूण माणसं, एक."

"परमुख?" काका म्हणाले. "कोणाचा?"

फॉर्ममध्ये असा रकाना नव्हता. मी पुढचा भरायला घेतला.

खाली येऊन प्रकाशरावांना बदल सांगितला. ते चिडतील असं वाटलं होतं. "बराबर हाय," एवढंच बोलून ते मोबाईल बघत बसले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

वेगळं कुटुंब म्हणून वरच्या खोलीला वेगळा नंबर टाकायला पुन्हा गच्चीवर गेलो. काकांनी पिठल्याचं ताट माझ्यासमोर सरकवलं. ताट एकच होतं. स्वतः त्यांनी भाकरी हातावर घेतली. बऱ्याच दिवसांनी कुणासोबत बसून जेवत होतो, त्यामुळे दोन घास जास्तच गेले. उठताना ते हसून म्हणाले, "आता दोन लिहा की गुरुजी."

जेवायला बसलेला पाहुणा धरायचा नसतो. मी एकच ठेवलं.

पुढे तपासणी झाली. माझ्या गल्लीत एकही चूक निघाली नाही.