पाचटावरून आलेला उजेड

पांढऱ्या पुठ्ठ्यावरचा लाल ठिपका तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखा नाचत होता. माझी नात खालीच बसली. तिचे सर म्हणाले, "झालं. आता विषय बदला."

हे तिला संशोधनात वाट दाखवणारे सर. भर दुपारच्या हवेतून उजेडाने निरोप धाडता येतो, हे तिने आज दाखवलं नाही तर दोन वर्षांचं काम पाण्यात.

दिवा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर, उजेड टिपणारं यंत्र आमच्या गच्चीवर आणि मध्ये आमचं उसाचं रान. "मध्ये काही आडवं नको," असं ती म्हणाली होती. ऊस कारखान्याला गेलाच होता. रानात उरलेलं वाळल्या पानांचं पाचट मी सकाळी पेटवून दिलं. धूर गेला, पण काळी राख उन्हाने तापली आणि तिच्यावरची हवा लवलवायला लागली.

"आजी, पाचट कोणी पेटवलं?"

"मी. तूच म्हनली हुतीस, मधी काय नको."

"हवा पण नको, हे सांगायचं राहिलं बघ."

पाचटाची कुट्टी करून रानातच मुरवायची असते, हे मला ठाऊक होतं. आळस केला. चूक माझीच.

उजेडही उभा-आडवा असतो, हे तिनेच मला शिकवलं होतं. ऊस उभा धरला तर खिडकीच्या गजांतून जातो, आडवा धरला तर अडतो. तिचा निरोप त्या उभ्या-आडव्याच्या खुणांत होता. वारा उसाला लोळवतो, तशी तापली हवा उजेडाला लोळवते का, एवढंच तिला बघायचं होतं.

म्हणून मी विचारलं, "ठिपका नाचतोय ते दिसतंय. पर तुजा ऊस लोळला का?"

"कसला ऊस?" सर म्हणाले.

नात उठून यंत्रापाशी गेली. पडद्यावर दोन रेघा होत्या. उजेड किती आला, ती रेघ उड्या मारत होती. उभा आला की आडवा, ती जवळजवळ सुतात होती. खुणा जुळवल्या, तर निरोप धड उतरला होता.

सरांनी खुणा स्वतः पुन्हा जुळवून पाहिल्या. "अशी हवा आम्हाला मुद्दाम करता आली नसती. आजी, पुढच्या वर्षी पेटवाल का?"

"न्हाई. पुढच्या साली कुट्टी."

विषय बदलला नाही. त्या उन्हात गच्चीवर मी, नात आणि सर होतो. तिघंही अजून त्याच कामात आहोत.