नावासाठी मांडलेला डाव

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. म्हणजे मी. पण या वेळी वहिनीची धाकटी बहीण हट्टाला पेटली, "मावशीनं काऊन नाई ठेवायचं?" शेवटी ठरलं की बारशाच्या सकाळी आम्ही दोघींनी चिंचोके टाकून अष्टाचंगचा एक डाव खेळायचा आणि जिंकेल तिनं नाव ठेवायचं. माझं डोकंच फिरलं. मुलगी झाली तर म्हणून मी किती महिने एक नाव जपून ठेवलं होतं, कोणाला सांगितलंही नव्हतं.

दादा म्हणाला, "चिडून काऊन राह्यली? नशिबाचा खेळ आहे."

नशीब म्हटलं की मला आणखी चीड येते. कारणाशिवाय काही घडत नाही, हे बाबांनी आम्हाला लहानपणापासून शिकवलं. सेलूच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. अर्धे फोडलेले चार चिंचोके, त्यांना कसलं आलंय नशीब? हात किती उंच, मनगट किती वळलं, त्यावर पांढरी बाजू की काळी ते ठरतं. चारही काळे पडले की आठ. मी आठवडाभर फरशीवर बसून हात बसवला. धडाधड आठ पडायला लागले, तेव्हा घरात एकटीच नाचले.

बारशाला आंजीला, वहिनीच्या माहेरी गेले, तर पाहुण्यांसाठी अंगणात जाड सतरंजी अंथरलेली. चिंचोके त्यावर उसळेचनात. माझे दोन, तीन, परत दोन. ही बया शेजारणीशी गप्पा मारत, न बघता फेकत होती, तरी आठावर आठ.

"कसं जमते तुले?" मी विचारलं.

"काई नाई ताई, फेकलं न पडलं."

मी हरले. खरं सांगते, रडू आलं.

तिनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग मोठ्यानं सगळ्यांना. मी जपून ठेवलेलं, तेच नाव! बाया म्हणाल्या, काय योगायोग. मी तिला बाजूला ओढलं, "हे तुले कसं सुचलं?"

"थंडीत तुरीच्या शेंगा सोलून राह्यलो होतो, तवा माही ताईच बोलली होती, बरं वाटते न हे नाव म्हणून."

आणि मला आठवलं. मी वहिनीच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा ती माझ्याशीही हेच बोलली होती. ते मी विसरले आणि नाव तेवढं माझं म्हणून धरून बसले.

दोघी हसत सुटलो आणि वहिनीकडे गेलो. ती बाळाचं झबलं नीट करत होती.

"मंग आमाले खेळू कायले दिलं?" मी विचारलं.

"खेळा न खुशाल," वहिनी म्हणाली. "पण पोरगी माही आहे ताई. तिचं नाव मी असंच सोडून देईन का?"