पाचव्या पुस्तकात नसलेली बाई

माझ्या नवऱ्याचं नाव इंद्रभान तायडे. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं मानणाऱ्यांतली मी नाही, म्हणून सरळ नावानंच लिहिते. नांदुऱ्यात एका खासगी शाळेची बस ते चालवायचे. अतिशय भिडस्त माणूस, हॉर्नसुद्धा विचार करून वाजवणार. वेड दोनच गोष्टींचं, बसच्या काचा पुसणं आणि 'अंतराळ चौकी'.

'अंतराळ चौकी' ही त्यांच्या लहानपणी दर रविवारी टीव्हीवर लागणारी मालिका. कितीतरी वर्षं चालली म्हणे. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर आपल्या माणसांची एक चौकी, तिथला कप्तान, त्याचे सोबती आणि दर आठवड्याला नवं संकट. पुढं त्या मालिकेवरून कादंबऱ्या निघाल्या. पातळ, पिवळट कागदाच्या, एसटी स्टँडवर मिळायच्या. कमावते झाल्यावर इंद्रभाननी एकेक करून सगळ्या घेतल्या, वाचल्या आणि लोखंडी पेटीत ठेवून दिल्या. लग्नानंतर मी ती पेटी मोठ्या आशेनं उघडली होती. मला वाटलं होतं भांडी असतील.

नंतर वर्षानुवर्षं ती पेटी बंदच होती. गेल्या हिवाळ्यात ती पुन्हा उघडली, ती भीतीपायी.

झालं असं, की शाळा सुटल्यावर मुलांना सोडायला जाताना इंद्रभाननी एका फाट्यावर बस थांबवली. रोजचाच फाटा. पण डावीकडे जायचं की उजवीकडे, ते त्यांना आठवेना. मुलं ओरडायला लागली, मागून एक ट्रक हॉर्न देत राहिला. शेवटी एक मुलगी म्हणाली, "काका, डावीकडे." ते वळले. घरी येऊन हातपाय धुतले आणि ताटावर नुसते बसून राहिले.

"छाया, मले रस्ता आठवला नाही," ते म्हणाले.

"थकले असान," मी म्हटलं. पण तव्यावरची भाकरी करपली तरी माझं लक्ष नव्हतं.

कारण माझे सासरे. पंजाबराव तायडे, अख्ख्या गावाची सोयरीक तोंडपाठ असलेला माणूस. म्हातारपणी एक दिवस घरातून निघाले ते आम्हाला नांदुऱ्याच्या स्टेशनवर सापडले. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "भाऊ, मी कोनाच्या घरचा हाव?" इंद्रभान पुढं झाले, तर त्यांनाही तेच विचारलं. तो प्रश्न आमच्या घरात कुणी पुन्हा उच्चारला नाही, पण विसरलंही नाही.

दुसऱ्या दिवशी इंद्रभाननी पाठ दुखते असं शाळेत सांगून थोड्या दिवसांची सुट्टी घेतली आणि ती पेटी ओढून काढली.

"मी आधी सांगतो पुढच्या प्रकरणात काय होते. तू पुस्तक धरून पाह्य, बरोबर हाय का."

"अकोल्याच्या डॉक्टरले दाखवू ना. असले पुस्तकं वाचून कुठं बिमारी समजते?"

"आधी हे. या गोष्टी मी कधीच भुललो नाही. ह्याच गेल्या असतीन, तं मंग समजूनच घेऊ."

झालं, आमची परीक्षा सुरू. ते पलंगावर, मी समोर पुस्तक घेऊन. मला त्या कप्तानात काडीचा रस नव्हता. जिथं हवा नाही, पाणी नाही, तिथं कशाला जाऊन राहावं माणसानं? पण ते मध्येच थांबले, की मी पुढची ओळ बोटानं धरून ठेवायचे. मग त्यांना आठवायचं आणि मी "बरोबर" म्हणायचे, तेव्हा त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की मलाही त्या चौकीचा लळा लागला. पहिली चार पुस्तकं अशी निघाली. कुठं एखादं नाव इकडचं तिकडं, बाकी सगळं बिनचूक. मी तर एक दिवस शिरा केला.

मग पाचवं पुस्तक आलं.

"आता कप्तान बर्फात एकटाच पडते," त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. "थंडीनं त्याले झोप येते. झोपला का मेला. तवा तुफानातून एक बाई येते, हातात कंदील. पऱ्हाट्या पेटवून शेकोटी करते, त्याच्या कपाळावर हात ठेवते अन् म्हनते, ऊठ बापा, तांबडं फुटलं."

मी पान उलटलं. पुढचं उलटलं. मागं गेले. बर्फ होता, कप्तान होता. त्याचे सोबती दोर टाकून त्याला वर ओढतात, एवढंच होतं. बाई नव्हती. पुस्तकभर कुठंही नव्हती.

मी खोटं बोलणार होते. 'बरोबर' हा शब्द ओठांवर आला होता. पण त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"नाही ना?"

त्यांनी पुस्तक घेतलं, प्रकरण दोनदा वाचलं आणि मिटून खाली ठेवलं. त्यानंतर आमच्या घरातलं बोलणंच बदललं. आंघोळ करताना ते बसच्या थांब्यांची नावं पुटपुटायचे. एकदा मला विचारलं, "मी चहा पेलो का?" आणि ते थट्टा करताहेत की खरंच विचारताहेत, मला कळेना. त्यांच्या मोटारसायकलची किल्ली मी तांदळाच्या डब्यात लपवली. ते दुकानात गेले की मी दारात उभी राहायचे. मला भीती वाटत होती, आणि त्यांना ती दिसू नये म्हणून मी उगाच चिडचिड करत होते.

त्या चिडचिडीतच एक दिवस भाजी चिरताना माझं डोकं चाललं. पऱ्हाट्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या काड्या, आपल्याकडे चुलीत घालतात त्या. त्या ग्रहावर कपाशी कुणी पेरली होती?

"अहो, टीव्हीत थे बाई तुमाले दिसली तवा तुमी बसले कुठं होते?"

"बसलो नोहतो. लेटलो होतो, गोधडीत. काढ्यानं तोंड कडू झालं होतं."

"पाटलाच्या घरी, टीव्हीपुढं, साऱ्या गावात तुमी गोधडी घेऊन लेटले होते?"

ते ताडकन उठून बसले. त्या वेळी ते संग्रामपूरला मोठ्या बहिणीकडे, जनकाताईंकडे शिकायला होते. टीव्ही गल्लीतल्या पाटलांकडे. म्हणजे त्या रविवारी ते तापानं घरी पडले होते. तो भाग त्यांनी पाहिलाच नव्हता. ताई पाहून आल्या असतील आणि त्यांनी सांगितला असेल.

"ताईले इचारू," ते म्हणाले. किती दिवसांनी त्यांच्या आवाजात जीव आला होता. ताईंनी हो म्हटलं, की आठवण खरी. डोकं शाबूत.

फोनवर विचारण्यात अर्थ नव्हता. ताई फोनवर "जय भीम, बरे हाव, लेकरं बरे हायेत?" एवढं बोलून ठेवून देतात. आम्ही सकाळची एसटी धरली. संग्रामपूरला जाणं वर्षभरात झालं नव्हतं.

दार ताईंच्या सुनेनं, महामायानं उघडलं. आम्हाला बघून ती गडबडली. "मामा, कळवून यायचं ना," एवढंच म्हणाली. ताई अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होत्या.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "महामाया, पाव्हन्याईले पानी दे."

मला वाटलं, ताई टोमणा मारताहेत. वर्षभर न येणाऱ्या भावाला पाहुणाच म्हणणार. इंद्रभान त्यांच्याजवळ टेकले.

"ताई, थे अंतराळ चौकी आठवते का? बर्फातली बाई?"

ताईंचा चेहरा उजळला. "हाव तं. पन थे टीव्हीत नोहती ना, भाऊ. आमचा इंद्रा माह्याजवळ राहे शाळेसाठी. तापानं फणफणला. मले म्हने, ताई, तू पाहून ये अन् मले सांग. मी गेली पाटलाकडं, तं लाईनच गेली. आता घरी जाऊन काय सांगू? लेकरू डोये लावून पडलं होतं. मंग मनानंच सांगतलं. कप्तान बर्फात पडला, अन् एक बाई आली कंदील घेऊन. पऱ्हाट्या पेटवल्या तिनं. त्याच्या कपायावर हात ठेवला. म्हने, ऊठ बापा, तांबडं फुटलं."

शब्दाला शब्द. मी इंद्रभानचा दंड घट्ट धरला. इतक्या वर्षांत एक शब्द हलला नव्हता. मला रडू येणार होतं, आनंदाचं.

मग ताई पुढं वाकल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "पन भाऊ, इंद्राले सांगू नका हो. त्याले थे खरंच वाटते."

माझ्या हातातून त्यांचा दंड सुटला. ताई इंद्रभानच्या तोंडाकडे बघत होत्या, उत्तराची वाट पाहत.

"नाही सांगत," इंद्रभान म्हणाले.

मी उठून आत गेले, तर महामाया सांगायला लागली. पोळ्यापासून असंच चाललंय. माणसं ओळखत नाहीत, जुनं तेवढं बोलतात. "फोनवर काय बोलायचं थे त्याईनं पाठ करून ठेवलं, मामी. म्हनून तुमाले समजलं नाही."

परतीच्या एसटीत त्यांनी तिकिटं घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "माही आठवन बरोबर निघाली." थोड्या वेळानं म्हणाले, "आधी बाबा. आता ताई." तिसरं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बसच्या किल्ल्या शाळेत देऊन टाकल्या. "अहो, पास झाले ना तुमी," मी म्हटलं. "लेकरं राह्यतात गाडीत," ते म्हणाले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आत्ताच काही सांगता येत नाही, वर्षानं या, असं सांगितलं. आता ते ओळखीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात बसतात.

रोज संध्याकाळी महामाया फोन लावून ताईंच्या कानाला धरते. इंद्रभान ताईंना पाचव्या पुस्तकाची गोष्ट सांगतात, पुस्तकातली नाही, ताईंची. ताई "मंग?" "मंग?" करत ऐकतात. दुसऱ्या दिवशी त्यांना ती पुन्हा नवीच असते. मी स्वयंपाकघरात लसूण सोलत कान देऊन बसते. कंदील, पऱ्हाट्या, कपाळावरचा हात, ऊठ बापा, तांबडं फुटलं. मनातल्या मनात एकेक तपासते आणि सगळं आलं की भाकरी थापायला घेते.

परवा कंदील आला नाही. घाईत राहिला असेल, असं मी स्वतःला समजावलं.

काल पुन्हा बाई तुफानातून आली, ती रिकाम्या हातानं. मी दारात आले आणि हळूच म्हटलं, "कंदील."

इंद्रभाननी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"कोनता कंदील?"

त्यांच्या हाताखालून ताईंचा आवाज येत होता, "मंग? मंग काय झालं?"