साठच्या आत

पेट्रोलचा विषय निघाला की आमचे हे खुर्चीत सरसावून बसत. अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं टूलरूम सांभाळलेला माणूस, मशीन जपून वापरायचं हे त्यांच्या अंगातच मुरलेलं. लग्नकार्यात कुणी सहज “गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?” असं विचारलं की पंगत उठेपर्यंत त्याची सुटका नसे. वेग साठच्या आत. पुढच्या गाडीपासून लांबच लांब अंतर, म्हणजे ब्रेक मारावा लागत नाही. एसी बंद, कारण तो पेट्रोल खातो. खिडक्याही बंद, कारण वारा गाडीला मागे ओढतो. मी म्हणायचे, त्यापेक्षा बैलगाडी घ्या, तिला पेट्रोलच लागत नाही. त्यावर ते हसत आणि काटा साठवरच ठेवत.

हे वेड आधी एवढं नव्हतं. ऐंशी-नव्वदने जाताना मीच कितीदा त्यांचा दंड धरला असेल. गेल्या दोन वर्षांत काटा हळूहळू खाली आला. मग रेडिओ बंद झाला. मग गाडीत गप्पा मारलेल्याही चालेनात. बोलण्यात लक्ष गेलं की पाय जड पडतो आणि पेट्रोल जास्त जातं, असं त्यांचं म्हणणं. रिटायर झाल्यावर पुरुषांना काहीतरी खूळ लागतंच, असं समजून मी सोडून दिलं. साखर त्यांना बारा वर्षांपासून आहे. पण ती गोष्ट आणि ही गोष्ट मी कधी शेजारी ठेवून पाहिली नाही, आणि याचा मला आजही माझाच राग येतो.

लेकीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आम्ही तिला आणायला संभाजीनगरला गेलो. जावई म्हणत होते की टॅक्सीने पाठवतो, तुम्ही दगदग करू नका. ह्यांनी साफ नकार दिला. पोरीला माहेरी आणायचं आणि बापाने घरी बसायचं, हे त्यांना पटेना. विहीणबाई उलट खूश होत्या. अशा दिवसांत साठच्या वर जाऊच नये, असं त्या चारदा म्हणाल्या. ओटी भरून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि बजावलं, की दिवेलागणीच्या आत हिला घरात घ्या, पोटुशी बाई तिन्हीसांजेला वाटेवर नको. मी मान डोलावली. माझी आईही हेच सांगायची आणि मीही ते मानते, खोटं कशाला बोलू.

दुपारी आम्ही समृद्धीला लागलो. चैतातलं ऊन. सरळ, पांढरा, भाजून निघालेला रस्ता, दोन्ही बाजूंना जाळी, आणि मैलोन्मैल ना झाड ना माणूस. आमची गाडी अगदी डाव्या कडेने चाललेली. आरशात एखादा कंटेनर ठिपक्याएवढा दिसायचा, बघता बघता आख्खा आरसा भरून टाकायचा आणि हॉर्न वाजवत बाजूने निघून जायचा. तो गेला की आपली गाडी थरथरायची. लेक मागे डाव्या कुशीवर आडवी झाली होती. आत इंजिनाच्या आवाजाशिवाय काही नाही. ह्यांची मान किंचित कलती होती, नव्या मशीनचा आवाज ऐकताना असायची तशी. मला उगाचच जीव घाबरा झाल्यासारखं वाटत होतं, पण तो उन्हाचा त्रास समजून मी पाणी प्यायले.

लेकीने एकदा एसी लावायला सांगितलं. ह्यांनी लावला. पंख्याचा घरघराट सुरू झाला आणि गाडीने एकदम उसळी घेतली. काटा नव्वदच्या पुढे गेला, मग गचका बसून चाळिसावर आला. ह्यांनी घाईघाईने एसी बंद केला. कपाळावर घाम होता. लेक म्हणाली, राहू द्या बाबा, मला बरं वाटतंय. शहाणी पोर आहे.

अर्ध्या वाटेवर पेट्रोल पंपापाशी थांबलो. लेकीला झोप लागली होती. हे बाथरूमला जाऊन येतो म्हणाले. मी सावलीत उभी होते, तेवढ्यात तिथली झाडणारी बाई माझ्याजवळ आली. “बाई, तुमच्या मालकांच्या पायातून रगत चाललंय. समद्या फरशीवर हाय.”

मी धावले. हे नळापाशी हात धूत उभे होते, अगदी निवांत. मागे फरशीवर उजव्या पायाचे लाल ठसे, दारापासून नळापर्यंत. त्यांना कट्ट्यावर बसवून चप्पल काढायला गेले तर ती निघेना. चपलेच्या तळातून एक खिळा आरपार घुसून टाचेपुढच्या मांसात रुतला होता. मी तो उपटला. ह्यांचा चेहरा जराही हलला नाही. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसे.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्षं झाली असतील. पायाला काही कळत नाही. पेडल किती दाबलं ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखतो.” मग हळूच म्हणाले, “साठच्या आत असलं की सांभाळता येतं.”

अ‍ॅव्हरेज, वारा, रेडिओ, सगळ्याचा उलगडा त्या कट्ट्यावर झाला. बारशापासून बाराव्यापर्यंत आम्ही ज्या गोष्टीचं कौतुक ऐकलं आणि ऐकवलं, ती ही होती. मला त्यांच्या एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्यांना जवळही घ्यावंसं वाटलं.

तेव्हाच फोन करायला हवा होता. पुतण्या आमच्या घराजवळच, अंबडला राहतो, गाडी चालवतो, कुणाला तरी घेऊन दोन-अडीच तासांत आला असता. फोन हातात होता. मी आभाळाकडे पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं. तो येईपर्यंत अंधार पडणार, आणि पोर या उजाड जागी, ऐन तिन्हीसांजेला. विहीणबाईंना काय सांगायचं, हेही मनात आलं. मी फोन पर्समध्ये टाकला. रुमालाची घट्ट पट्टी बांधली, त्यावर चप्पल चढवली आणि म्हणाले, “चला. हळू चालवा. तिला काही सांगू नका.”

पुढचा सगळा रस्ता मी समोर पाहिलंच नाही. त्यांचा पाय पाहत होते. पाय ब्रेकवर आहे की नाही, ते मी डोळ्यांनी तपासत होते आणि हे कानांनी. लेक जागी झाली, तिने विचारलं, किती राहिलं? मी म्हणाले, आलंच. सिन्नरला खाली उतरलो तेव्हा अजून चांगला उजेड होता, आणि मला, देवाशपथ सांगते, आपण जिंकलो असं वाटलं.

टोलनाक्यावर पुढे ट्रक उभा होता. ह्यांनी पाय उचलून ब्रेकवर ठेवला, हे मी स्वतः पाहिलं. पण रुमालाने फुगलेली ती चप्पल दोन्ही पेडलांवर बसली. इंजिन ओरडलं. गाडी थांबायच्या ऐवजी पुढे झेपावली. धडक फार मोठी नव्हती, ट्रकवाल्याला खाली उतरून बघावं लागलं. पण लेक सीटवरून खाली पडली होती आणि पोट धरून कण्हत होती.

बाळ त्याच रात्री झालं. मुलगी. एकोणचाळीस दिवस काचेच्या पेटीत होती. लेकीला दुसऱ्या दिवशी बोलण्याइतकी ताकद आली. बापाचा पाय डॉक्टरांनी तपासला होता, साखरेने तो केव्हाच बधिर झाल्याचं तिला कळलं होतं. हे पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

“आई, तुला माहीत होतं?”

“नाही गं,” मी म्हणाले.

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाले, “तिला कुठलं माहीत? मी कुणालाच सांगितलं नव्हतं.”

नात आता वर्षाची होईल. ह्यांनी गाडी विकून टाकली. लेक महिन्या-दोन महिन्यांनी येते, बापाशी कामापुरतं बोलते. पाय अडखळेल म्हणून नातीला त्यांना अजून उचलू देत नाही. ते लांबूनच टाळ्या वाजवून तिला हसवतात. मग लेक आंघोळीला जाताना बाळाला उचलते आणि बिनधास्त माझ्या हातात देते.