नाइसमास्तरांची गोष्ट

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे नाइसमास्तर म्हणत. चाळीस वर्षं कपडे शिवले, पण इंग्रजी शब्द जवळ एकच. गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहिलं की मास्तर गळ्यातली टेप सावरत, मान तिरकी करत नि म्हणत, "नाइस!" तेवढ्यावर माणसाची ढेरीसुद्धा दोन बोटं आत जायची.

एकदा कॉलेजात इंग्रजी शिकवणारी त्यांची भाची जाकीट घालून बघायला आली. "नाइस!" ऐकून फिस्सकन हसली.

"मामा, ह्या शब्दाचं मूळ माहितीये? लॅटिनमध्ये 'काही न जाणणारा'. इंग्रजीत आला तेव्हा नाइस म्हणजे चक्क मूर्ख! मग घासत घासत लाजाळू झाला, चोखंदळ झाला, नि कुठे शेवटी छान."

मास्तरांच्या ओठांतली टाचणी खाली पडली. "म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांना तोंडावर..."

त्या दिवसापासून त्यांनी जिभेवर पक्की टीप मारली.

तिसऱ्या दिवशी वकीलबाई आल्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. नवा काळा कोट चढवून आरशापुढे थांबल्या. मास्तर गप्प. बाईंनी वळून पाठीकडून कोट दाखवला. मास्तर मूग गिळून.

"कुठे बिघडलाय? खांद्यात?"

"नाही हो. चांगला बसलाय."

"नुसता चांगला? उद्या हा घालून मला कोर्टात उभं राहायचंय, मास्तर. लपवू नका." त्यांनी कोट उतरवला. "राहू द्या. मी दुसरीकडे बघते."

कोपऱ्यात काजं करणाऱ्या मास्तरांच्या बायकोनं सुई टोचून ठेवली. "अहो शहाणे! गिऱ्हाईक चाललं, दिसतंय का?"

"मला मूर्ख म्हणतेस?"

"मी तर शहाणे म्हणाले."

"शब्द शहाणे, पण अर्थ..." मास्तर थबकले. "सकाळी चहा केला, तेव्हाही शहाणेच म्हणालीस."

"तेव्हा खरंच होतात. शब्दाच्या खापरपणजोबाला काय विचारता? बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं!"

मास्तरांनी कोट घेऊन वकीलबाईंना पुन्हा चढवला. कॉलरवरचा खडू झटकला, मान तिरकी केली.

"नाइस!"

वकीलबाईंचे खांदे ताठ झाले. "मग इतका वेळ दातखीळ बसली होती?"

"उसवून बघत होतो, बाई. आतून अगदीच बावळट निघाला."

"कोण?"

बायकोनं मास्तरांकडे बघत दातानं दोरा तोडला.