रिकाम्या काट्यावरचं वजन

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस आहे. पोर्ट चालतो नाहीतर जळतो, मधलं काही नसतं. बायको गाडीला लिंबू-मिरची बांधते तर मी तिला विचारतो, यानं मायलेज वाढणार का?

नागरा गावाच्या बाजूला एक राईस मिल आहे, नाव नाही सांगत. तिथं धरमकाटा आहे, अख्खा ट्रक तोलायचा. त्याचा आकडा दाखवणारा डबा, म्हणजे इंडिकेटर, जुना... तो फक्त सिरीयल पोर्टवर चालतो. आणि मालकानं आणला नवा लॅपटॉप, ज्याला तो पोर्टच नाही! म्हणून ती वायर लॅपटॉपला जोडायला मी यूएसबीचे दोन ॲडॉप्टर नेले. स्वस्तातल्याची चिप नकली, विंडोजनं त्याला ओळखच दिली नाही. सस्ता रोये बार बार. चांगल्या चिपचा लावला, तो ओळखला गेला, पण आकडा येईना. म्हणजे दोष खालच्या वायरीत. इंडिकेटर बंद केला, दोन्ही ॲडॉप्टर खिशात टाकले आणि काट्याच्या बाजूच्या तोंडातून खालच्या खड्ड्यात उतरलो. काटा चालवणाऱ्या चंदाताई तेव्हा जेवायला गेल्या होत्या.

आमच्याकडे उघडा खड्डा दिसला की कोणीही झाकण लावून टाकतो, ढोर पडेल म्हणून. आत कोणी आहे का, हे कोण पाहतो... कोण्या भल्या माणसानं लोखंडी झाकण लावलं, आणि एका ड्रायव्हरनं नेमका त्यावर चाक ठेवून ट्रक उभा केला, गेला निघून.

मी ओरडलो. वर मिल धडधडत होती. मोबाईलला रेंज नाही. खाली सडलेलं धान, कोंड्याची धूळ, हवा अशी जड की छाती भरेचना. पाठीनं झाकण रेटलं, हललं नाही. खूप भीती वाटली हो, खोटं कशाला बोलू... लेकीचं नाव घेऊन रडलो. मग ओरडायचीही ताकद गेली. हातातल्या पान्यानं वरच्या पत्र्यावर टकटक करत राहिलो, तोही जड व्हायला लागला.

अचानक वरून आवाज आला, "कोन आहे गा खाली?"

मिलच्या हमालांनी ट्रक हटवला, मला ओढून काढलं. चंदाताईंनी पाणी पाजलं. मी विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"मले का कळते जी! लॅपटॉपवर वजन येऊन रायलं होतं. काटा तं रिकामा. वाटलं गोटाबिटा अटकला असन, म्हून वाकून पाहाले गेली, तं टकटक आयकू आली."

मी खिशात हात घातला. दोन्ही ॲडॉप्टर तिथंच होते. केबिनमध्ये जाऊन पाहिलं, इंडिकेटर बंद, वायर लोंबकळत होती. लॅपटॉपला काहीच जोडलेलं नव्हतं. मग आकडा आला कुठून? शिवाय मी होतो खड्ड्यात, काट्यावर नव्हतो...

"किती दाखवत होता?" मी विचारलं.

"पहिले सत्तर," चंदाताई म्हणाल्या. माझं वजन तेवढंच आहे. "मंग साठ, मंग चाळीस... आपोआप उतरून रायला होता, म्हून मी बसूनच रायली. वीसवर येऊन अटकला, तवा उठली. नाही तं कायले उठतो जी? शून्य झाला असता तं मी पुढची गाडी घेतली असती."