गोंदणापाशी अडलेला उजेड

नातीनं स्पिरिटच्या बोळ्यानं माझं कपाळ तिसऱ्यांदा पुसलं, तरी मी गप्प बसले. तिला वाटत होतं, कुंकवाचं मेण राहिलंय. मला निराळा संशय आला होता, पण इतक्या लाडानं कपाळ पुसणारं माणूस या वयात रोज भेटत नाही.

बेंबळीतल्या आमच्या घराच्या पडवीत तिनं यंत्र मांडलं होतं. कपाळाला बांधायची एक काळी पट्टी, तिच्यात बारके दिवे आणि बारके डोळे. दिव्यांचा उजेड तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्याला न दिसणारा. अंधाऱ्या खोलीत बॅटरीवर तळहात ठेवला की हात लाल दिसतो ना, तसा हा उजेड कातडीतून, हाडातून आत शिरतो आणि थोडासा परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं ताजं रक्त जास्त धावतं, आणि परत आलेल्या उजेडावरून ते ओळखायचं. केसांची आडकाठी नको म्हणून कपाळ. तिनं हे मला दोनदा समजावलं. मला एकदाच पुरलं असतं.

खेड्यातल्या सत्तरीपुढच्या बायका आठवायला लागल्या की मेंदूत काय होतं, हा तिच्या प्रबंधातला एक भाग. यंत्र दोनच दिवसांसाठी मिळालेलं. तिच्या सरांनी सांगून ठेवलं होतं, बायका काही पट्टी बांधून घेणार नाहीत; रिकाम्या हातानं आलीस तर तो भाग गाळून टाकायचा. बायका तर आल्या होत्या. माझ्यासकट सहा जणी, धुतलेली लुगडी नेसून.

लॅपटॉपवर माझ्या कपाळाच्या दोन्ही कडांच्या रेघा हलत होत्या, मधल्या मात्र सपाट. तिनं वायर बदलली, पट्टी सोडून पुन्हा बांधली. मग दुसरीला बसवलं. तेच. तिसरीला बसवलं, तेच. मग तिनं भिंतीला टेकून बसलेल्या आम्हा सगळ्यांकडं ओळीनं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आजी, हे तुम्हा सगळ्यांनाच आहे की."

जन्मापासून बघत आलेलं माझं गोंदण तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. कातडीत मुरलेली ती काजळी उजेड तिथल्या तिथं पिऊन टाकत होती. तिला नेमकी मधलीच जागा हवी होती, आणि बाकीच्यांचं तरी एका टिंबावर भागलं होतं. माझ्या कपाळावर अख्खी बागच.

तीही माझीच अक्कल. दहा वर्षांची होते. येरमाळ्याच्या जत्रेत चुलतबहिणीनं एक टिंब गोंदवलं, म्हणून मी चंद्रकोर, वर टिंब आणि खाली तुळस मागितली. गोंदणारीण दोनदा थांबली. मी तोंडात पदर कोंबून तिला पुढं चालव म्हणून खुणावत राहिले, कारण बहीण बघत होती. शेजारी माझी मैत्रीण उभी होती. तिचे वडील मणेर. जत्रेत बांगड्यांचं दुकान लावायचे. त्यांच्यात गोंदत नाहीत. कपाळ टमटमीत सुजलेलं, डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि त्या अवतारात मी तिला विचारलं होतं, "मेल्यावर समदे दागिने हितंच काढून घेत्यात. गोंदण तेवढं संगं जातं. तू काय घिऊन जाणार गं वर?"

ती वडिलांच्या दुकानाकडं निघून गेली. आपण जिंकलो असं मी धरून चालले होते.

नात वायरी गुंडाळायला लागली. तिचा चेहरा पाहून मी म्हटलं, कोरी कपाळं दोन गल्ल्या सोडून आहेत. ती म्हणाली, मग सकाळपासून बसून काय राहिलीस. कारण सांगण्यासारखं नव्हतं. मैत्रीण अजून रोजच्या बोलण्यातली, तिच्या घरचा शीरखुर्मा आमच्याकडं आणि आमच्या पुरणपोळ्या तिच्याकडं. पण तिची स्मरणशक्ती तपासायला यंत्र लागत नाही, हे मला माहीत होतं.

मैत्रिणीच्या दारात जाऊन नातीनं तिला सगळं नीट सांगितलं. मशीन, उजेड, सहाही बायकांची अडचण. "खाला, तुम्ही याल का?" असं विचारलं. खालानं उत्तर तिला दिलं नाही. माझ्या कपाळाकडं निवांत बघून घेतलं.

"वर न्यायला गोंदलं व्हतंस न्हवं? ह्ये तर मशिनीत सुदिक जाईना की गं."

साठ-पासष्ट वर्षं जपून ठेवलं होतं तिनं. मी मान खाली घातली, ती जरा जास्तच. तिचं समाधान व्हायला हवं होतं.

ती आली, आणि दोन जावा, एक विहीणही घेऊन आली. मिनिटभर जनावरांची नावं सांगायची होती. तिनं शेळी, बोकड, पाट, करडू असं एकाच घरातलं खानदान मोजलं, आणि नातीनं ते चालवून घेतलं. मधल्या रेघा चढल्या. नात तोंडावर हात धरून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं तिच्या गल्लीतल्या आणखी पाच जणी आणल्या. भाग गाळायची वेळ आली नाही.

निघताना नातीनं वही पुरी केली. माझ्या ओळीवर काट मारून कारण लिहिलं. मैत्रिणीनं विचारलं, काय लिहिलंस. नातीनं वाचून दाखवलं: "कपाळावर मोठं गोंदण, उजेड आत गेला नाही."

मैत्रिणीनं पदर सावरला आणि म्हणाली, "अजून एकदा वाच."